आधार पाहिलेला आणि आधार ऐकलेला

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रामाणिकपणाविषयी सध्या जी चर्चा होते, ती बहुधा टक्केवारीपाशी सुरू होऊन टक्केवारीपाशीच संपते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या विनियमांनी साम्याच्या, म्हणजे प्रबंधातील शब्दरचना पूर्वप्रकाशित मजकुराशी जुळण्याच्या, पायऱ्या ठरवून दिल्या: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत एक वर्षाची मनाई आणि त्यापुढे नोंदणी रद्द. उताऱ्यामागून उतारे उचलण्याच्या प्रकाराला या नियमांमुळे काही आळा बसला असेल, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु त्यांच्या आधाराने नऊ टक्क्यांचा प्रबंध निर्दोष आणि पंधरा टक्क्यांचा संशयास्पद असा जो समज महाविद्यालयांतून रूढ झाला आहे, तो उथळ तर आहेच, शिवाय विद्येला घातकही आहे.

या समजाचे समर्थक सांगतात, की मोजमाप निःपक्षपाती असते आणि मार्गदर्शकाच्या मर्जीपेक्षा यंत्राचा अहवाल बरा. पण यंत्र मोजते ते काय? इंग्रजी ग्रंथातील अख्खे प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर घातले, तर शब्द जुळवणाऱ्या यंत्राला त्यात बहुधा काहीच सापडत नाही. जुन्या मराठी नियतकालिकांचा जो मोठा भाग संगणकावर आलेलाच नाही, त्यातून उचललेले लेखन त्याच्या दृष्टीने नवेच ठरते. आणि पैसे मोजून दुसऱ्याकडून लिहून घेतलेला प्रबंध तर अगदी स्वच्छ निघतो. त्यावर यंत्रे उद्या सुधारतील असे उत्तर मिळते. ती सुधारतीलही, तथापि सर्व भाषांतील सर्व मजकूर जुळवून पाहणारे यंत्र निघाले, तरी अप्रामाणिकपणाचा एक प्रकार त्याच्या हाती लागणार नाही, आणि तोच सर्वांत गंभीर आहे.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासातून तो स्पष्ट होतो. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात ४५ भागांत संपादित करून छापले. आज एखादा विद्यार्थी यांपैकी एका पत्राचा उल्लेख दुसऱ्याच एका ग्रंथात वाचतो, त्या ग्रंथाची तळटीप उचलतो आणि आपल्या प्रबंधात थेट पेशवे दप्तराचा भाग व पत्रक्रमांक देतो, वास्तविक तो भाग त्याने उघडलेलाही नसतो. वाक्ये त्याची स्वतःची असतात, मूळ पत्राचा निर्देश असतो, साम्य शून्य असते. तरीही ही टीप खोटी आहे, आणि ती किती खोटी आहे हे त्या कागदांचे स्वरूप जाणणाऱ्यालाच नीट कळेल. जुन्या पत्रांवर पुष्कळदा हिजरी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, असतो पण वर्ष नसते. ते संपादकाने मजकुरावरून अनुमानाने ठरवलेले असते. ते अनुमान चुकले असेल, तर पत्र प्रत्यक्ष वाचणाऱ्याच्या लक्षात येण्याची शक्यता असते, तळटीप उतरवणाऱ्याच्या मात्र कधीच येणार नाही. उलट, एका ग्रंथातील टीप तीन प्रबंधांत उतरली, की पुढच्या वाचकाला चार अभ्यासकांनी ते पत्र तपासल्याचा भास होतो, जरी तपासणारे डोळे एकाच माणसाचे असले तरी.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली. त्यांपैकी प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी थेट जाणलेले आणि शब्द म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यावरून स्वीकारलेले, ही दोन येथे महत्त्वाची. शब्दप्रमाण कमी प्रतीचे नाही. कोणताही अभ्यासक सर्व काही स्वतः पाहू शकत नाही आणि बहुतेक विद्या शब्दावरच चालते. मात्र शब्दाचे बळ सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असल्यामुळे सांगणारा कोण हे उघड करावेच लागते. तळटीप उतरवणारा विद्यार्थी शब्दाला प्रत्यक्षाचा वेष देतो. प्रयोगशाळेत न घेतलेली वाचने गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवणाराही नेमके हेच करतो.

वाङ्मयचौर्य हा मूळ लेखकाच्या मालकीवरचा घाला आहे, ही कल्पना स्वामित्वहक्काच्या कायद्यापुरती ठीक आहे. वरील उदाहरणात कोणत्याच मालकाचे काही गेलेले नाही, फसला आहे तो वाचक. आपल्या परंपरेत परक्या शब्दांचा संकोच नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त काव्यातील साम्याचे प्रकार पाडून त्याज्य कोणते ते सांगितले आहे, एवढे तरी लक्षात घ्यावे.

म्हणून विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न ‘किती जुळते?’ हा नसून ‘यातले तुम्ही स्वतः काय पाहिले?’ हा असला पाहिजे, आणि तो मौखिक परीक्षेत एकेका टिपेवर बोट ठेवून विचारता येतो. अडचण आहे ती परीक्षकांच्या सवयीची. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे खरे लिहिणाऱ्याच्या टिपा दुय्यम दिसतात आणि मूळ साधनांची लांबलचक, न पाहिलेली यादी जोडणाऱ्याचा व्यासंग वाखाणला जातो. जोपर्यंत पहिल्याचे गुण कापले जातात, तोपर्यंत दुसऱ्याला दोष देण्याचा नैतिक अधिकार विद्यापीठांकडे फारसा उरत नाही.