तारीख येईपर्यंत काय करायचं?



मागच्या गुरुपौर्णिमेची गोष्ट. बोरगावच्या महाप्रसादात आम्ही सेवेकरी बाया पंगत वाढत होतो. लाऊडस्पीकरवर भजन, मंडपात गर्दी, फोडणीचा ठसका. आमची पुतणी पोळ्यांच्या टोपल्या आणून देत होती, ती एकाएकी दिसेनाशी झाली. शोधलं तर भांड्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसलेली. कानांवर हात, डोळ्यांत पाणी, अंग पुढेमागे हलतंय. आम्ही खांद्यावर हात ठेवला तर झटकून टाकला. "मोठे आई, मले हात नको लावू," एवढंच बोलली.

बाहेर चर्चा सुरू. "एवढी शिकलेली पोरगी, असं काहून करते व?" कोणी म्हणालं, अहंकार आहे. कोणी म्हणालं, बाधा आहे, जामसावळीला न्या. हनुमंताच्या दर्शनाला तर आम्ही नेहमीच जातो, पण हे वेगळं होतं. आणि आम्ही स्वतः काय म्हणालो? "नाम घे, मन आवर." ते आठवलं की आज लाज वाटते.

पुतणी 27 वर्षांची आहे. एका कारखान्यात हिशेब बघते, आकडा कधी चुकत नाही. पुढे नागपूरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ऑटिझमची तपासणी सुचवली आणि तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, पण तिला तो शब्द पटत नाही. म्हणते, "मी कुठे स्वतःत मग्न आहे? बाहेरचंच इतकं आत येते का थांबवताच येत नाही." हा लेख पाठवण्याआधी तिने वाचला आणि हो म्हणाली, म्हणूनच तुमच्यासमोर आहे.

थोडी माहिती सांगतो. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या फोटोत दिसत नाही. डॉक्टर बोलतात, निरीक्षण करतात, बालपण विचारतात. मूल बोलायला कधी लागलं, कसं खेळायचं, आवाजाला घाबरायचं का? म्हणून आईची आठवण आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं कामी येतात. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांविषयी लिहिलं, तेव्हापासून बरीच वर्षं हा लहान मुलांचाच विषय समजला गेला. ती मुलं मोठी होतात हे लोक विसरले. त्यात मुली इतरांचं बघून बघून वागायला शिकतात, त्यामुळे लवकर ओळखू येत नाहीत. आपल्या देशात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझमही आहे.

आता खरा प्रश्न. डॉक्टरांनी नाव देईपर्यंत आम्ही तिचं दुःख खरं मानायचं की नाही? आणि उद्या ते म्हणाले, हा ऑटिझम नाही, तर त्या दिवशीचं रडणं खोटं ठरेल का?

आम्हाला अर्जुन आठवतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याचं अंग गळतं, तोंड कोरडं पडतं, कातडीची आग होते, हातातून गांडीव निसटतं. भगवंतांनी पुढे त्याला फटकारलं, हे खरं. पण आधी रथ उभा होता आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं होतं. आम्ही मात्र ऐकण्याआधीच उपदेश केला. दुसऱ्या अध्यायात कासवाचा दृष्टांत आहे, सगळे अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा. तो संयमाचा दृष्टांत आहे, हे आम्ही जाणतो. पण भांड्यांच्या खोलीत बसलेली पोर आठवली की वाटतं, आत ओढून घेणं दरवेळी गर्वाचं नसतं. कधी ते जीव वाचवणं असतं.

कोणी विचारेल, असं सगळ्यांनाच सूट द्यायची, तर शिस्त कुठे राहील? प्रश्न रास्त आहे. मध्यंतरी ती आजीवर ओरडली. आजी दुखावली. रात्री शांत झाल्यावर तिनेच जाऊन पाय धरले. कारण समजून घेणं म्हणजे चूक पुसून टाकणं नाही. आजीचं दुखणंही खरं, तिचं भरून येणंही खरं. घरात दोन्हीला जागा लागते.

तारीख येईपर्यंत आम्ही एवढं ठरवलं आहे. गर्दीच्या कार्यक्रमाला तिने अर्धा तास यावं, जायचं झालं तर नुसता रुमाल दाखवावा, कारण विचारायचं नाही. भरून आलं की दिवा मंद, आवाज बंद, जवळ पाण्याचा तांब्या. विचारल्याशिवाय अंगाला हात नाही. पोळ्यासारख्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला आराम. कशाने त्रास झाला ते ती वहीत लिहिते, डॉक्टरांनाही दाखवता येईल. जीव नकोसा झाल्यासारखं कोणी बोललं, तर मात्र तारखेची वाट पाहायची नाही. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि जवळच्या दवाखान्यात न्यायचं.

एक गोष्ट आम्हाला उशिरा दिसली. ती अस्वस्थ झाली की ओढणीचा काठ बोटांत फिरवत राहते. आम्ही ओरडायचो, "सोड ते." परवा माळ ओढताना आमचं लक्ष आपल्याच बोटांकडे गेलं. तेच तर करत होतो आम्हीही, मणी मागून मणी, मन ठिकाणावर यावं म्हणून. आता ती आमच्याजवळ बसते. आमच्या हातात माळ, तिच्या हातात काठ. कोणी काही बोलत नाही.

आपल्या घरातही असं कोणी कोपरा शोधणारं असेल. त्याला नाव मिळायचं तेव्हा मिळो. येत्या सत्संगात स्पीकरचा आवाज थोडा कमी ठेवू आणि मागची खोली मोकळी ठेवू, एवढी सेवा सगळ्यांनी मिळून करू या.

जय गुरुदेव.