लय चढली की पळाली?

तिवसा तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला, आणि खंजिरी वऱ्हाडाच्या गावोगावी घुमू लागली. लाकडाचं कडं, एका तोंडाला ताणलेलं चामडं, कडेला झणझणणाऱ्या चकत्या, एवढंसंच हे वाद्य. आता खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. परीक्षकांपुढे तक्ता असतो: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण. बेरीज होते, नंबर लागतात, आणि हरलेल्या मंडळात कुरबुर सुरू होते की भजनाला कुठे गुण देता येतात का! या तक्रारीत दोन प्रश्नांची गुंतवळ आहे. भक्ती किती खरी, हे कुणी परीक्षक सांगू शकत नाही; तक्त्यात तिचा रकाना नसतो, हे बरंच आहे. पण गाण्या-वाजवण्यातला गुण तरी आवडीनिवडीपलीकडे जाऊन ठरवता येतो का? माझ्या मते येतो. फक्त तो मोजून ठरत नाही.

लयीचंच बघा. भजन संथ सुरू होतं, मागचे साथीदार ध्रुपद उचलतात, टाळ घट्ट होतो आणि शेवटाकडे लय दुप्पट होते. यंत्र लावलं तर पहिल्या आणि शेवटच्या मिनिटातला फरक ते अचूक सांगेल. पण ती लय चढली की पळाली, हे त्याला कळणार नाही. चढली म्हणजे सगळ्यांना घेऊन गेली. पळाली म्हणजे खंजिरीवाला पुढे निघाला आणि शब्द मागे फरफटले. आकडा दोन्हीकडे एकच निघू शकतो. तरी जाणत्या कानाला हा फरक कळतोच, आणि तो दाखवूनही देता येतो: ऐका, इथे टाळ सुटला, इथे अक्षर गिळलं. जे बोट ठेवून दाखवता येतं, ज्यावर वाद घालता येतो, ते निव्वळ ‘मला आवडलं’ कसं असेल?

यावर कुणी म्हणेल, माणसाचा कान भरवशाचा नाही. खरं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चिया-जुंग साय यांच्या प्रयोगांत पियानो स्पर्धांचे विजेते लोकांनी आवाज ऐकून नव्हे, तर मूक चित्रफीत बघून जास्त बरोबर ओळखले. संगीतातले जाणकारही त्यात होते. म्हणजे परीक्षक डोळ्यांनी फसतात. (भरजरी फेटे बांधून बसणाऱ्या मंडळांना हे आधीपासून ठाऊक असावं.) पण ‘फसले’ म्हणायचं, तर चुकण्याजोगं काहीतरी तिथे असायला हवं. सगळंच चवीचं असतं, तर फसणार कशात? दुसरा आक्षेप मंडळाबद्दलचा, आणि तो जास्त अवघड आहे. एकेकाचे गुण बेरजेला धरले, तर एकटाच भरधाव वाजवणारा वरचढ ठरेल. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवायचा. त्याहून सफाईदार हात पुष्कळ असतील, पण त्या गाण्यांना जागा करून देणारं वाजवणं त्याचंच. अकोटचे प्रबोधनकार सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. तो आकडा कसब सांगतो. मात्र त्या साती मिळून प्रबोधनाचा शब्द पुढे सरकतो की नाही, हे ऐकूनच ठरवायचं.

मग हे ठरवायचं कुणी? भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशापयशाचा निवाडा करणारे ‘प्राश्निक’ येतात, आणि ते एका जातीचे नाहीत. छंद जाणणारा वेगळा, व्याकरण जाणणारा वेगळा, संगीतकार वेगळा. राजाचा आब बघायला राजा आणि शृंगार बघायला गणिका. एका मापाने सगळं जोखायचा मोह भरताला पडला नाही. भजनाच्या तक्त्यालाही एवढं शिकता येईल. बेसूर, चुकलेली सम, गिळलेले शब्द यांची नोंद आकड्यात खुशाल व्हावी, तिथे भांडणाला जागा नाही. उरलेल्या भागाला परीक्षकांनी दहापैकी सात लिहून मोकळं होऊ नये. एक टाळकरी, एक गाणारा आणि एक नुसता भजनाला बसणारा, अशा तिघांनी कारण दोन ओळींत लिहावं आणि ते मंडळासमोर वाचून दाखवावं. स्पर्धा रात्री उशिरापर्यंत लांबेल, एवढाच त्यात तोटा.