उपाशी नको, पोटभरही नको

सावकाश वाचा, जमल्यास मध्ये मध्ये थांबा.

रसवंतीच्या घाण्यातून दोन-तीनदा पिळून निघालेलं उसाचं चिपाड डोळ्यांसमोर आणा. ते बोटांनी उकला. आत पांढरट, चिवट धागे दिसतील. चावून पाहिलं तर गोडी जवळजवळ संपलेली. तरीही त्या धाग्यांचा मोठा भाग साखरेचाच आहे: ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक सांधून घट्ट बसवलेले. त्याला सेल्युलोज म्हणतात. हे सांधे सुटले की ग्लुकोज मोकळं होतं आणि त्याचं इथेनॉल करता येतं. सांधे सोडवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, आपण एका बुरशीकडून करवून घेतो.

ती बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय. शेतकरी शेणखतात मिसळतात त्या ट्रायकोडर्माची ही भाऊबंद. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान कुजत होतं, तिथे ती हाती लागली. एल्विन रीस यांनी तिच्यावर काम केलं आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं.

आता या बुरशीच्या एकाच तंतूकडे लक्ष द्या. भोवती पाणी आहे आणि पाण्यात मुबलक ग्लुकोज. तंतू ते शोषतो, लांबतो, फांद्या फोडतो. सेल्युलोज फोडणारी विकरं मात्र जवळपास बनवत नाही. वाढलेलं ताट समोर असताना चूल कोण पेटवेल? पेशीतलं सीआरई-१ नावाचं प्रथिन हे काम बघतं. ग्लुकोज भरपूर असलं की ते विकरांची जनुकं दाबून धरतं.

बरं, ग्लुकोज काढून घेऊ. तंतू उपाशी पडला. आता तरी विकरं भरभरून येतील? तसंही होत नाही. विकर हे प्रथिन आहे, ते घडवायला खाणं लागतं. शिवाय जवळपास सेल्युलोज आहे, याची खूणही लागते.

इथे जरा रेंगाळा, सगळी मौज इथेच आहे. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, पेशीत शिरत नाही. मग तंतूला त्याचा पत्ता लागतो कसा? बुरशीच्या बीजाणूंवर थोडंसं विकर आधीपासून असतं. ते सेल्युलोजला खरवडतं आणि साखरेचे छोटे तुकडे सुटतात. त्यातल्या काहींची जुळणी बदलून सोफोरोज नावाची जोडसाखर होते आणि तीच आत वर्दी देते, असं मानलं जातं. सोफोरोज म्हणजे दोन ग्लुकोजच, फक्त सांधा सेल्युलोजमधल्याहून वेगळ्या जागी. सुटं ग्लुकोज बुरशीला गप्प करतं आणि ही जोडी कामाला लावते.

१९६२ मध्ये मेरी मँडल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट मांडली. बाजारातल्या ग्लुकोजवर बुरशी विकर बनवताना दिसत होती, जे व्हायला नको होतं. खोलात गेल्यावर कळलं, त्या ग्लुकोजमध्ये सोफोरोज किंचित मिसळलेलं होतं. नमुना अशुद्ध म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

दुधातली साखर, लॅक्टोज, याहून चक्रावणारी. कुजक्या काडीकचऱ्यावर जगणाऱ्या बुरशीची दुधाशी गाठ कुठे पडणार? तरी पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्यातली ही साखर तिला विकर बनवायला लावते. सोफोरोज महाग असल्याने उत्पादकांना लॅक्टोज सोयीचं पडलं. पुढे सीआरई-१ मोडकं असलेला रूट-सी३० हा वाणही आला. पण दाबणारा हात काढला म्हणजे आतून जोर आला असं नाही. वर्दी देणारी साखर त्यालाही लागते. बुरशी वाढवण्याच्या टाकीत खाद्यही एकदम ओतत नाहीत, हळूहळू सोडतात. आलेली साखर लगेच संपावी, साठू नये, अशा बेताने.

आता साखर कारखान्याच्या आवारात या. इकडे चिपाडाचा ढीग, तिकडे मळीची टाकी. मळी बुरशीला पाजावी आणि तिच्याच विकरांनी चिपाड फोडावं, हे किती सोपं वाटतं! पण मळीतली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज, आणि ती फोडणारं इन्व्हर्टेज या बुरशीकडे नाहीच. चिपाड फोडणारी ही बुरशी उसाच्या साखरेपुढे हतबल. ब्राझीलमधल्या संशोधकांनी मग अॅस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरशीचं इन्व्हर्टेजचं जनुक रूट-सी३०मध्ये घातलं आणि तिला मळीवर वाढवलं. आणखी काही बदल केल्यावर, २०२० मध्ये त्यांनी लिटरमागे सुमारे ८० ग्रॅम प्रथिन मिळाल्याचं नोंदवलं.

चिपाडाच्या इथेनॉलचा हिशेब कुणी तुमच्यापुढे मांडला, तर टनांचे आणि लिटरचे आकडे ऐकून घ्या. मग एवढंच विचारा: विकर कुठून आणणार, आणि ते बनवणाऱ्या बुरशीला कोणती साखर, किती सावकाश घालणार?