पुढच्या ब्रेकला घाबरू नकोस

सातारा
मे अखेर

चि. सायली,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. काकांनी जुनी जावा मोटारसायकल तुझ्या हवाली केली हे फार बरं झालं. इतके पावसाळे पडवीत ताडपत्रीखाली काढूनही गाडी मुळात धड दिसते. पुढचं चाक जाम आहे म्हणतेस, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुझ्या मेकॅनिकच्या सल्ल्याची. म्हणे पुढच्या ब्रेकची केबल काढून टाका, शू बाहेर काढून ठेवा, मागचा ब्रेक आहे की! त्याला चहा पाज आणि नाही म्हणून सांग.

पुढच्या ब्रेकची भीती आपल्याकडे सायकल शिकतानाच बसते. ‘पुढचा दाबशील तर तोंडावर पडशील’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मग माणूस मोटारसायकलवर आला तरी जन्मभर उजव्या हाताचा लिव्हर शोभेला ठेवतो. जो भाग वर्षानुवर्षं हलत नाही तो कोकणातल्या हवेत गंजणारच. गंजला की जाम होतो, जाम झाला की ‘बघा, पुढचा ब्रेक असाच दगा देतो’ म्हणायला लोक मोकळे. खरं पाहिलं तर ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला जोरात ब्रेक मारलास तर ते फक्त घसरेल. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. त्यातून तुझी गाडी टू-स्ट्रोक. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर फोर-स्ट्रोकचं इंजिन जशी गाडी रोखून धरतं तसं हिचं धरत नाही. आंबा घाट नुसत्या मागच्या ब्रेकवर उतरलीस तर साखरपा येईपर्यंत मागचा ड्रम तापून ब्रेक ढिला पडलेला असेल.

तेव्हा ब्रेक दुरुस्त करायचाच. पण नुसता सोडवून भागणार नाही, तो का अडकला ते कळलं पाहिजे. पान्याला हात लावायच्या आधी शोध घे. गाडी डबल स्टँडवर लाव, इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी कर. मग केबलचा ॲडजस्टर पूर्ण ढिला करून केबलचं टोक ब्रेकच्या आर्ममधून काढ. तेवढ्यावर चाक फिरलं तर दोष केबलचा, आणि तू स्वस्तात सुटलीस. नवीन केबल घे, जुनीला तेल पाजत बसू नकोस. चाक फिरलं नाही तर तो आर्म हाताने मागे ढकलून पाहा. आर्म जागचा हलत नसेल तर कॅमचा दांडा ब्रेकच्या प्लेटमध्ये धरलाय. आर्म सैल हलतोय आणि चाक तरीही घट्ट आहे, तर शू ड्रमला गंजाने चिकटलेत. क्वचित बेअरिंगही धरलेलं असतं, पण त्याला सहसा चाक थोडं तरी करकरत फिरतं.

फोटोत आर्म पुढे ओढलेल्या अवस्थेतच थांबलेला दिसतो. त्यामुळे माझा कौल कॅमला. हा कॅम म्हणजे टोकाला चपटा केलेला पोलादी दांडा. तो फिरला की दोन्ही शू फाकून ड्रमवर दाबले जातात. लिव्हर आणि आर्मच्या तरफेमुळे हाताचा जोर पुष्कळ वाढतो, म्हणून घट्ट झालेला कॅमसुद्धा तू दाबलास की फिरतो. त्याला परत आणायचं काम मात्र आतल्या दोन स्प्रिंगांवर असतं. त्यांच्या जोराने घट्ट कॅम हलत नाही. म्हणून असा ब्रेक लागतो व्यवस्थित, आणि सुटत नाही.

चाक बाहेर काढायचं तर आधी शू ड्रमपासून सुटले पाहिजेत. आर्मच्या बुडाशी, दांडा प्लेटमध्ये शिरतो तिथे गंज सोडवणारं तेल मार आणि रात्रभर राहू दे. ते तेल थेंबानेच घाल, धार सोडलीस तर आत शूंच्या लायनरवर उतरेल. सकाळी चाक पुढे-मागे हिसके देऊन हलव, आणि हबच्या कडेने लाकडी हातोडीने फिरत्या हाताने ठोक. हब ॲल्युमिनियमचा आहे, लोखंडी हातोडी थेट मारू नकोस. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून प्लेट उचकटण्याचा मोह हमखास होतो. प्लेट तिथेच तडकते.

चाक निघालं की थांब. ड्रममध्ये काळी भुकटी दिसेल. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ही भुकटी त्याचीच आहे असं धरूनच चाल. फुंकर मारायची नाही, कंप्रेसरची हवा तर अजिबात नाही. तोंडाला चांगला मास्क लाव, ओल्या फडक्याने सगळं पुसून घे आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून दे. मेकॅनिक हसेल. गॅरेजमध्ये हवा मारूनच ड्रम साफ करायची पद्धत आहे, आणि ती भुकटी छातीत जाऊन काय करते ते दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणून पद्धत चालू राहते.

शू काढताना दोन्ही एकदम धरून मधून उचल आणि पुस्तकासारखे मिटव. स्प्रिंगा आपोआप ढिल्या पडतील. बोटं मध्ये ठेवू नकोस. आर्म काढण्याआधी त्याच्यावर आणि दांड्याच्या टोकावर समोरासमोर पंचने खूण कर. या खुणेचं महत्त्व पुढे सांगतो.

आता दांडा. तो नुसत्या ठोक्याने निघणार नाही, आणि ठोकत सुटलीस तर आटे जातील. प्लेट आधी स्वच्छ धू, पेट्रोल वापरलंस तर ते पूर्ण उडून जाऊ दे, मग घमेल्यात प्लेट ठेवून तिच्यावर उकळतं पाणी ओत. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक किंचित मोठं होतं आणि धरलेला दांडा ढिला पडतो. जाड फडक्याने पकडून आर्मनेच तो डावी-उजवीकडे खेळव. हलायला लागला की आर्म काढ, नट आट्यांच्या टोकापर्यंत चढव आणि लाकडाचा तुकडा मध्ये धरून हलके ठोके दे. दांडा निघाल्यावर तुला त्याच्यावर तपकिरी, लाखेसारखा कडक थर दिसेल. ते वाळलेलं जुनं ग्रीस. निम्मा गुन्हा त्याचा. बारीक पॉलिश पेपरने दांडा चकचकीत कर, पण धातू खाऊ नकोस. भोकही तसंच साफ कर. बसवताना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा बोटावर मावेल एवढाच हात द्यायचा. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी असं इथे नाही, उरलेलं ग्रीस तापून थेट लायनरवर जातं.

खुणेचं आता सांगतो. लायनर झिजत गेले की शू ड्रमपर्यंत पोचायला कॅमला जास्त फिरावं लागतं. अगदीच झिजले तर कॅम जवळजवळ काटकोनात उभा राहतो, आणि तिथे स्प्रिंगांना त्याला परत आडवं पाडता येत नाही. ब्रेक लागलेलाच राहतो. चालत्या गाडीवर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. आणि आपल्याकडचा इलाज काय? ब्रेक खाली गेला की आर्म एक दात सरकवून बसवायचा. लिव्हर पुन्हा वर येतो, गिऱ्हाईक खूश, आणि कॅम मात्र त्या काटकोनाच्या आणखी जवळ गेलेला असतो. तुझ्या गाडीत हा उद्योग आधी कोणी करून ठेवला असण्याचा पुरेपूर संभव आहे. म्हणून जुनी खूण फक्त माहितीसाठी. नवे लायनर बसल्यावर, ब्रेक पूर्ण दाबलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन झाला पाहिजे. तो आधार धरून आर्म बसव.

लायनर नवेच घालायचे, यावर चर्चा नको. जुना लायनर जाड दिसला तरी त्याच्याखाली शूच्या धातूला बुरा चढलेला असतो आणि लायनर सुटायला आलेला असतो. कडेला नख घालून पाहा, उचलला गेला तर तुला कळेल. सुटलेला तुकडा शू आणि ड्रम यांच्यात पाचरेसारखा अडकला की चाक जागच्या जागी थांबतं. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ पासून चालला तो १९९६ ला बंद पडला, पण गाड्या इतक्या विकल्या गेल्या की शू अजून मिळतात. दर्जाचा भरवसा नाही. काही इतके जाड येतात की ड्रम वरून बसतच नाही. २०१८ मध्ये जावा नावाने नवी गाडी आली, तिला पुढे डिस्क आहे, तिच्या शोरूममध्ये विचारून उपयोग नाही. मला विचारशील तर जुन्याच शूंवर नवे लायनर मारून घे. ड्रमला आतून कड पडली असेल किंवा तो गोल राहिला नसेल तर कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्यांची वाण नाही. मात्र चाकाचे आरे आधी आवळून घे आणि अख्खं चाक लेथवर चढव. आऱ्यांच्या ताणाने ड्रमचा आकार किंचित बदलतो, म्हणून आरे नंतर आवळलेस तर लेथचे पैसे पाण्यात.

जोडणीत दोन गोष्टी. ब्रेकची प्लेट फोर्कला जिथे अडकते ती जागा डोळ्यांनी पाहून, हात लावून बसव. ती खाच चुकली तर पहिल्याच ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरेल. दुसरी गोष्ट, एक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी चाक हाताने फिरव, लिव्हर करकचून दाब, आणि दाबलेला असतानाच नट आवळ. शू ड्रमच्या मध्यभागी येतात आणि ब्रेकमध्ये जीव येतो. नंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून चाक फिरतंय ना पाहा. केबल आखूड असेल किंवा वाट चुकली असेल तर वळताना आपोआप ब्रेक लागतो.

पहिल्यांदा रिकाम्या रस्त्यावर, सावकाश. लिव्हर झटक्याने नाही, दाब वाढवत न्यायचा. मैलभर जाऊन ये आणि हबला हात लाव. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर कुठेतरी अजून घासतंय, पुन्हा उघड. कंटाळा करू नकोस.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावावाल्यांच्या मेळाव्याला कोल्हापूरला यायचं म्हणतेस. अवश्य ये, पण घाट चढण्याआधी हा ब्रेक निदान दोन आठवडे गावात रोज वापर.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा

ता. क. लायनर मारायला देताना दोन्ही शूंवर वरचा-खालचा अशी खूण करून दे. आणि त्या दोन स्प्रिंगा नव्या घे. त्यांना फारसे पैसे पडत नाहीत, म्हणूनच त्या कोणी बदलत नाही.