निरंक

गेल्या वैशाखात महेश्वरहून इंदूरला परतताना आमची गाडी घाटात तापली. घटना तशी किरकोळ. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ती केव्हा ना केव्हा येतेच. परंतु तिच्या निमित्ताने एक जुना प्रश्न आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला आणि या खेपेस तो टाळून पुढे जाणे जमले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी १९९८ सालची, कार्बुरेटरची. अलीकडे ती बाजारहाट आणि देवदर्शन यांपुरतीच निघते. धामनोद मागे पडले, गुजरीच्या पुढे चढ लागला आणि भर दुपारी मालमोटारींच्या रांगेमागे दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही रांगू लागलो. मानपूर जवळ येत असता सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, काहीतरी उकळल्याचा वास येतोय." पाहतो तो तापमानाचा काटा लाल रेषेला टेकलेला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांपलीकडे जाऊनही ते पाणीच राहते. झाकण सैल होताच त्याची एकाएकी वाफ होते आणि उघडणाऱ्याचे हात-तोंड भाजते. तेव्हा बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहण्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते.

त्या सक्तीच्या स्वस्थतेत एक गोष्ट ध्यानात आली. इंजिन एवढे तापले असता पुढचा पंखा फिरायला हवा होता. तो फिरत नव्हता. मग आठवू लागलो की त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला? दिवाळीनंतर ऐकल्याचे स्मरेना. एवढेच नव्हे, तर "आमच्या गाडीला पंखाही लागत नाही, इतके तिचे इंजिन थंड!" असे शेजाऱ्यांना सांगितल्याचेही आठवले आणि मनाशीच ओशाळलो.

या पंख्याची योजना साधी आहे. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची गरज पडते ती गाडी थांबलेली असताना किंवा चढावर रेंगाळताना. ही गरज ओळखण्याचे काम पाण्याच्या मार्गात बसविलेला एक छोटा स्विच करतो. त्यात दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. उष्णतेने एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी; त्यामुळे पट्टी वाकते, ९० अंशांच्या थोडे पुढे संपर्क जुळतो आणि पंखा सुरू होतो. पाणी निवले की पट्टी पूर्ववत होते आणि पंखा थांबतो. अडचण अशी की निरोगी स्विच पाणी थंड असताना गप्प असतो आणि मेलेला स्विच सदैव गप्प असतो. हिवाळाभर या दोहोंतला फरक कळण्यास काहीच मार्ग नसतो.

एका मोटारसायकलस्वाराने मानपूरहून मिस्त्री पाठविला. विशीतला मुलगा, पण त्याची तपासणीची रीत आमच्या विभागातील कित्येक चौकशी अधिकाऱ्यांनी शिकावी अशी होती. स्विचवर ठपका ठेवण्याआधी त्याने निवलेल्या रेडिएटरमधील पाणी पाहिले. पाणी उतरून स्विच उघडा पडला असेल तर चांगल्या स्विचलाही ताप कळत नाही, असे तो म्हणाला. पाणी थोडेच कमी होते. मग फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. नंतर स्विचच्या दोन्ही वायरी काढून त्यांची टोके तारेच्या तुकड्याने जोडली आणि चावी फिरवायला सांगितली. पंखा घुमू लागला. म्हणजे मोटर चांगली, वीज पोहोचत होती. दोष एकट्या स्विचचा. "साहब, स्विच मर गया है. अभी डायरेक्ट कर देता हूँ," असे म्हणून त्याने ती जोडणी तशीच बांधून दिली. पंखा अखंड चालू ठेवून आम्ही घरी आलो.

नवा स्विच दुसऱ्या दिवशी बसला. जुना आम्ही हट्टाने घरी आणला आणि सौभाग्यवतींची नाराजी पत्करून एका जुन्या पातेल्यात, दोरीने टांगून, पाण्यात तापवीत ठेवला. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पण स्विच जुळण्यास तेवढे पुरेसे होते. पाणी खळखळून उकळले, तरी मीटरचा काटा हलला नाही. समोर उकळी फुटलेली आणि साक्षीदार म्हणतो, सांगण्यासारखे काही नाही.

शासकीय भाषेत या साक्षीला एक शब्द आहे: निरंक. आमची सारी हयात राज्य शासनाच्या सेवेत गेली आणि त्या हयातीत निरंक अहवालांवर किती सह्या केल्या याची गणती नाही. १९९० च्या दशकातील एका उन्हाळ्यात एका जिल्ह्यातील बंद हातपंपांचा साप्ताहिक आढावा आमच्याकडे होता. दर सोमवारी आकडे येत. एक उपयंत्री होते. त्यांच्या क्षेत्रातील बंद पंपांचा आकडा नेहमी सर्वांत मोठा. आम्ही तो त्यांच्या कामचुकारपणाचा पुरावा मानला आणि भर बैठकीत त्यांना म्हणालो, "इतरांचे आकडे पाहा आणि स्वतःचे पाहा. काही वाटते का?" पुढच्या सोमवारी त्यांचा आकडा निम्म्यावर आला. आणखी दोन सोमवारांनी रकान्यात निरंक असे लिहून आले. आम्ही शेरा मारला: समाधानकारक.

ज्येष्ठात दौऱ्यावर त्या भागात गेलो, तेव्हा बायाबापड्या नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून वाटीवाटीने पाणी भरीत होत्या. पाहिलेल्या तीन गावांत एकही पंप चालत नव्हता. परतताच आम्ही त्या उपयंत्र्यांना खोटी माहिती दिल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस काढली. त्यांनी एका ओळीत चूक मान्य केली. आमच्या त्या सोमवारच्या शब्दांचा उल्लेखही केला नाही. त्यांची एक वेतनवाढ रोखली गेली. प्रस्तावावर सही आमची होती.

येथे प्रश्न असा की जे आपल्याला कुणी सांगितलेच नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर कितपत येते? नियमाच्या दृष्टीने आम्ही निर्दोष होतो. अहवाल मागविला होता, तो वेळेवर आला होता, तो खोटा निघाला आणि खोटे लिहिणाऱ्याला शिक्षा झाली. इतकी वर्षे आम्हीही स्वतःला हेच उत्तर देत आलो.

आपल्या मीमांसकांनी या प्रश्नाची एक बाजू फार बारकाईने तपासली आहे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही असे कळते. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण म्हणून मान्य नाही. तो वाद येथे नको. महत्त्वाची आहे ती त्याला जोडलेली अट. न दिसणे 'योग्य' असावे लागते. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आमचा पंखा लागत नव्हता, यावरून इंजिन थंड असल्याचे सिद्ध होत नव्हते. तक्रार आली नाही, यावरून पंप चालू असल्याचेही नाही. तक्रार असती तर ती आमच्यापर्यंत पोहोचली असती काय, एवढे विचारायचे आम्ही राहून गेलो.

कोणी म्हणेल, असा संशय प्रत्येकाविषयी धरला तर संसार चालायचा कसा? आक्षेप खरा आहे. पंखा कायमचा 'डायरेक्ट' ठेवणे हे त्याचे उत्तर नव्हे. अष्टौप्रहर सर्वांवर धाडी घालणारा अधिकारी तेच करतो, आणि त्यातही गरज ओळखण्याची शक्ती गमावलेलीच असते. बरे उत्तर जुन्या रेल्वेत पाहावयास मिळे. तेथील हाताचा सिग्नल असा रचलेला असे की ओढणारी तार तुटली तर हात आपोआप आडवा होऊन 'थांबा' दाखवी. निरोप तुटला म्हणजे धोका समजायचा, ही त्यामागची शहाणीव. आमच्या स्विचची रचना याच्या उलट होती. आणि आमच्या बैठकीचीही.

मात्र स्विच आणि माणूस यांत एक भेद आहे, आणि आमची खरी टोचणी त्यातच आहे. स्विच वयोमानाने निकामी झाला. त्याच्या मौनात आमचा हात नव्हता. ते उपयंत्री बोलत होते. तीस जणांसमोर त्यांना गप्प केले ते आम्ही, आणि गप्प राहिल्याबद्दल शिक्षा दिली तीही आम्ही. ज्याला खरे सांगण्याची किंमत मोजावी लागते, त्याच्या निरंकात किंमत लावणाऱ्याचा वाटा असतो. न कळणे हा दोष नसेल. पण न कळण्याची सोय आपणच करून ठेवणे हा निश्चित दोष आहे.

आता महिन्यातून एकदा आम्ही गाडी अंगणात उभी करतो आणि पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. काटा मध्याच्या थोडा वर जातो, पंखा घुमतो, काही वेळाने थांबतो. मग इंजिन बंद करतो. या कामाला पाव तासही लागत नाही. त्या उन्हाळ्यात एखाद्या सोमवारी बैठक आटोपल्यावर त्या उपयंत्र्यांना थांबवून घेऊन "खरे किती?" असे एकट्याला विचारले असते, तर त्यालाही याहून अधिक वेळ लागला नसता.