अर्ध्या मिनिटाचा सौदा



मागे एका रविवारी मिस्सेनंतर आपल्यापैकीच एक तरुण आम्हाला भेटायला थांबला. त्याच्या संमतीने, नाव न घेता, त्याची हकिगत सांगत आहोत. मोंढ्यात हळद विकून आलेल्या पैशांतले चाळीस हजार रुपये पुढच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेले होते. ते घेऊन तो मोबाइलवरून शेअर खरेदी करू लागला.

पहिल्या दिवसापासून वैताग. पॅन कार्डावर बाप्तिस्म्याचे नाव, आधार कार्डावर शाळेच्या दाखल्यावरचे. अर्ज दोनदा परत आला. सहीचा फोटो पुसट निघाला, ओटीपी वेळेवर येईना. डिमॅट खाते उघडायला बारा दिवस लागले. पुढे पहिला शेअर विकला तेव्हा नफा झाला अकरा रुपये, आणि डीपी शुल्क कापले गेले त्याहून जास्त. एका कंपनीचा एक शेअर विका की शंभर, हे शुल्क तेवढेच असते. "फादर, लहान माणसाला हे लोक मुद्दाम छळतात," तो म्हणाला.

"आणि चाळीस हजारांचे काय झाले?" आम्ही विचारले. तो गप्प झाला. शेअरमध्ये काही मिळेना म्हणून तो ऑप्शनच्या सौद्यांकडे वळला होता. उत्पन्नाचा एक कागद जोडला आणि मग कुठेच अडले नाही. बोट टेकवले की अर्ध्या मिनिटात सौदा. तीन आठवड्यांत एकतीस हजार रुपये गेले.

तो एकटा नाही. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

आम्हाला विचार करायला लावले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्यांनी त्याचे थोडे रुपये आणि बारा दिवस नेले, त्यांच्यावर त्याचा राग होता. ज्याने एकतीस हजार नेले, त्याच्याविषयी तक्रार नव्हती. असे का? अडथळा बोचतो, म्हणून तो वैरी वाटतो. उताराची वाट पायाला गोड लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी उतावळेपणा हा विवेकाविरुद्धचा दोष मानला आहे. माडीवरून खाली यायचे तर एकेक पायरी उतरावी लागते. मागचा अनुभव आठवणे, आजची स्थिती पाहणे, पुढचे ताडणे, जाणत्यांचे ऐकणे या त्या पायऱ्या. त्या गाळून जो निघतो तो उतरत नाही, कोसळतो. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूनेही सांगितले. त्यात 'बसून' हा शब्द महत्त्वाचा आहे.

मग शेअर घेणे पाप आहे काय? नाही. शेअर म्हणजे एखाद्या उद्योगातली छोटी मालकी. नफ्याबरोबर तोट्यातही वाटा. पैजेच्या खेळांबाबत ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचे त्यात जाऊ लागले की ते नीतीला सोडून होते. तीच कसोटी येथे लावावी. पेरणीचे पैसे त्या तरुणाचे एकट्याचे नव्हते. ते त्याच्या पत्नीचे होते, दोन लेकरांचे होते. आणि घरी त्याने अजून काही सांगितले नव्हते.

ज्यांनी हा उतार इतका गुळगुळीत केला, तेही देवापुढे उत्तरदायी आहेत. खरोखर अन्याय झाला असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करावी; तो आपला हक्क आहे. पण जो अडथळा बाहेर कोणी ठेवत नाही, तो आपणच आपल्या घरात ठेवायला हवा. सौद्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. घरात विचारावे. जे घरी सांगता येत नाही, ते करू नये.

तो त्याच संध्याकाळी घरी बोलला. पत्नी रडली, मग दोघांनी मिळून बियाण्याच्या उधारीचा हिशेब मांडला. पैसे परत आलेले नाहीत. पण आता तो हिशेब दोघांचा आहे.

अशी गोष्ट मनात दाबून कोणी बसले असेल, तर आमचे दार उघडे आहे. प्रभू आपणा सर्वांना विवेक देवो.

आपले धर्मगुरू