कवीश्वरांचे दोन ग्रंथ आणि निवृत्ताचा आश्रम

परभणी जिल्ह्यातील कासारबोरी हे भास्करभट्ट बोरीकरांचे मूळ गाव मानले जाते. आचार्य श्रीनागदेव व बाइदेवबास यांच्यामागून आचार्यपद ज्या कवीश्वरांकडे आले, ते हेच होत. पंथाच्या तेरा आम्नायांपैकी कवीश्वर आम्नाय त्यांच्या नावाने चालत आला आहे. आपली गुरुपरंपरा सांगताना जो साधक हे नाव घेतो, त्याने त्यामागील एक प्रसंग ध्यानी आणावा.

कवीश्वर हे संस्कृत विद्येत निष्णात होते. त्यांनी १०८७ ओव्यांचा 'शिशुपाळवध' रचिला व ज्येष्ठ गुरुबंधूंस दाखविला. ग्रंथ उत्तम झाल्याचे त्यांनी मान्य केले. मात्र तो शृंगाराने भरला असून प्रवृत्तांस रुचेल, निवृत्तांच्या कामी येणार नाही, असा अभिप्राय दिला. कवीस आपली कृती अपत्यासारखी प्रिय असते. शास्त्राधार काढून वाद घालण्याइतकी विद्वत्ता कवीश्वरांपाशी खचितच होती. त्यांनी ती दुसरीकडे लाविली आणि भागवताच्या एकादश स्कंधावर ८२७ ओव्यांची 'उद्धवगीता' सिद्ध केली. नाथांचे भागवत पूर्ण झाले १५७३ मध्ये; त्याच्या अडीच शतके आधीची ही गोष्ट आहे.

याच एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत सर्प आहे. सर्प स्वतःसाठी घर बांधीत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. सर्वज्ञांनीही संन्यस्तास अटन, भिक्षान्न, विजन आणि स्मरण सांगितले. वास्तू उभारण्यास सांगितले नाही. मग आश्रम कशासाठी, असे वासनिक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. वृद्ध भिक्षू व तपस्विनी यांना थकल्या देही आसरा हवा, उपदेशी जनांना ब्रह्मविद्येचे निरूपण ऐकण्यास स्थान हवे. सकळ लिपीतील पोथ्या परचक्रात आणि वाळवीत टिकल्या, त्याही मठांतील जुन्या माणसांनी जिवापाड जपल्या म्हणून. एवढ्या कार्यासाठी भिंती व छप्पर लागतेच. मात्र तेथे राहणाऱ्याची वृत्ती त्या सर्पाचीच असावी. वास्तू आपली म्हणू नये. जेथे सभामंडपाच्या वर्गणीची चर्चा निरूपणाहून लांबते आणि वारसाच्या नावावर गुरुबंधूंत अबोला धरला जातो, तेथे कवीश्वरांस विचारलेला प्रश्नच पुन्हा विचारावा: हे निवृत्ताच्या कामाचे आहे काय? उत्तर ऐकताना मन दुखावते. त्यांचेही दुखावले असेल.

पंथाने पुढे 'शिशुपाळवध' टाकून दिला नाही. साती ग्रंथांत त्याला 'उद्धवगीते'सोबत स्थान मिळाले.